वाचकांचे प्रश्न : बॉनेट गार आहे का ते आधी बघा

मागच्या अंकात म्हटलं होतं की सेकंडहँड छोट्या गाडीबद्दल जे विचारायचं ते विचारा, आणि लोकांनी मनापासून विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही जणांनी नुसता फोटो पाठवून "घेऊ का?" एवढंच लिहिलंय, त्यांना काय सांगणार, फोटोत सगळ्याच गाड्या चकाचक असतात. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून कुणाचंच छापत नाहीये.

प्रश्न : दहा वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी बघितलीये, फक्त २८ हजार किमी चाललेली, एकच मालक, वयस्कर गृहस्थ, गाडी कायम कव्हर घालून उभी. दुसरी तेच मॉडेल, सहा वर्षं जुनी पण ८५ हजार किमी झालेली. किंमत जवळपास सारखीच सांगतायत. घरचे सगळे म्हणतात कमी चाललेली घे. काय करू? — दोन लेकरांचा बाबा

उत्तर : घरच्यांचं लगेच ऐकू नका. २८ हजार भागिले दहा म्हणजे वर्षाला २८०० किमी, म्हणजे ती गाडी एकतर महिनोन्‌महिने उभी होती नाहीतर रोज दोन-तीन किमी जाऊन परत येत होती, आणि इंजिनाला हे दोन्ही मानवत नाही. तापमानाचा काटा मधे आला की आपल्याला वाटतं इंजिन तापलं, पण तो काटा कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) असतो, ऑइल त्याच्यानंतर बऱ्याच वेळाने तापतं. ते नीट तापायच्या आतच गाडी रोज बंद होत असेल तर आत तयार होणारी वाफ आणि थोडंफार कच्चं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, उडून जात नाही. मग ऑइल पातळ होतं, गाळ धरतो, आणि मालक म्हणतो "अजून पाच हजार किमी पण झाले नाहीत, कशाला बदलू". म्हणून ऑइलला किमीबरोबर महिन्यांचीही मुदत दिलेली असते, वर्ष झालं की बदला, गाडी चालो न चालो.

रबराचंही तेच. त्या गाडीचे टायर बहुतेक कंपनीतून आलेले मूळचेच असणार, नक्षी नव्यासारखी दिसेल आणि विकणारा तेच दाखवेल, पण तुम्ही टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात ते वाचा. २३१६ लिहिलं असेल तर २०१६ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला वाकून बघावं लागतं. दहा वर्षांचं रबर कडक होऊन बसतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की कळतं. मी तर असे टायर नक्षी कितीही असली तरी सरळ काढायला सांगतो, स्टेपनीसकट.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवीन असताना कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलं की मानकाप्रमाणे १५५ पर्यंत खाली येतं, आणि घाटात सलग ब्रेक लावत उतरताना पेडल स्पंजासारखं दबायला लागतं ते यामुळेच. दोन वर्षांनी बदलायचं असतं, बरेच मालक आयुष्यात बदलत नाहीत. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा) असेल तर त्यालाही किमी आणि वर्षं अशा दोन मुदती असतात, जी आधी येईल ती धरायची. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वरच्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलण्याशिवाय पर्याय नाही. आपल्या मॉडेलला बेल्ट आहे का चेन ते घ्यायच्या आधी शोधून काढा. हल्लीच्या काही छोट्या टर्बो इंजिनांत तर बेल्ट ऑइलमध्येच भिजून फिरतो, चुकीचं ऑइल पडलं की तो झडायला लागतो आणि त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात, तिथे ऑइलची बिलं बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

त्यात बॅटरी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, गंजलेल्या ब्रेक डिस्क, टाकीत शिळं झालेलं पेट्रोल हे वेगळंच.

आता दुसरी गाडी. सहा वर्षांत ८५ हजार म्हणजे वर्षाला साधारण १४ हजार, हे अगदी नॉर्मल वापराचं लक्षण आहे, लांबच्या रस्त्यावर झाले असतील तर अजून चांगलं. क्लच, शॉकअब, बुश यांचं काम निघेल पण ते दिसतं, ऐकू येतं, त्याचा भाव करता येतो. तिची वर्षावर्षाची बिलं असतील तर मी डोळे झाकून नाही पण अर्धे मिटून तीच घेईन. त्या आजोबांनी मात्र दर वर्षी ऑइल बदलून बिलं फाइलला लावून ठेवली असतील (असे लोक असतात, पेनाने तारीख लिहून ठेवणारे) तर मग त्यांच्याकडे जा, फक्त टायर, बेल्ट, सगळी ऑइलं यांचा खर्च आधी काढा आणि किमतीतून वजा करायला सांगा.

प्रश्न : मीटर मागे फिरवलाय का हे कसं ओळखायचं? डिजिटल मीटर फिरवता येत नाही ना? — शंकेखोर

उत्तर : येतो की, उलट स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही आता, लॅपटॉप लावून होतं. ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरची मूठ, स्टीअरिंगचा चकाकणारा भाग, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, या चार जागा खोटं बोलत नाहीत. ४० हजार किमीच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं. आणि ४० हजाराच्या गाडीला पेडलचं रबर कोरं करकरीत, बाकी सगळं जुनं, हे तर अजूनच संशयास्पद.

दुसरं म्हणजे ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल्सपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तो लावायचं सॉकेट सक्तीचं झालं, आता जवळपास सगळीकडच्या गाड्यांत असतं, स्टीअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ. मेकॅनिककडून लावून घ्या. बऱ्याच गाड्यांत मीटरशिवाय इतर युनिटमध्येही किमीची नोंद राहते, ती जुळत नसेल तर विषय संपला. अजून एक गोष्ट फार कमी लोक बघतात: एरर कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) पुसल्यापासून गाडी किती चालली हा आकडा स्कॅनरवर दिसतो. तो १०-१२ किमी असेल, आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" दाखवत असेल, तर आजच सकाळी कुणीतरी इंजिनचा दिवा घालवून तुमच्यासमोर गाडी आणलीये. नुकतीच बॅटरी काढली असेल तरी असं दिसतं म्हणा, पण मग विचारा ना कधी काढली, का काढली.

कागद हा सगळ्यात चांगला पुरावा. जुनी सर्व्हिसची बिलं, तपासणीची सर्टिफिकेटं, ऑइल बदलल्यावर लावतात तो स्टिकर, सगळीकडे किमी लिहिलेले असतात, तारखेप्रमाणे लावून बघा आकडा कुठे मागे जातो का. अकेरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही असं असलं की घेणारा सगळ्यांना मधलाच भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे भंगार उरतं. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, दोघांबरोबर वाटून. म्हणून म्हणतो, ज्याच्याकडे कागद आहेत त्याला थोडे जास्त पैसे द्यायला कुरकुर करू नका.

प्रश्न : मला गाडीतलं काही कळत नाही. मेकॅनिक नेणारच आहे, पण त्याच्या आधी मला स्वतःला काय बघता येईल? — पहिल्यांदाच घेतेय

उत्तर : बरंच काही. पहिलं, जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, आणि पोचलात की बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहापाणी, गप्पा, काय ते करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. इंजिनाची दुखणी गार असतानाच बाहेर पडतात. सेल्फ मारल्यावर किती वेळ फिरतो, सुरू झाल्या झाल्या साखळीसारखा खळखळ आवाज येतो का, आयडलिंगला थरथरते का.

कुणाला तरी सायलेन्सरकडे उभं करा. सुरुवातीला पांढरी वाफ, दोन थेंब पाणी, हे चालतं, काही मिनिटांत थांबतं. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट आत जळतंय, हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, हे त्यातल्या त्यात स्वस्तात सुटू शकतं. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधी चिकट थर असेल तर मेकॅनिकला आवर्जून दाखवा, फक्त जवळच्याजवळ चालणाऱ्या गाड्यांत नुसत्या दमटपणानेही तो धरतो म्हणून तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. कूलंटच्या डबीत तेलाचा तवंग असेल तर मात्र नाकारा.

मग उजेडात, गाडी कोरडी असताना, बाजूने तिरकं बघा. दोन पॅनलमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, दरवाज्याचा रंग आणि मागच्या पॅनलचा रंग एकच आहे का, दाराचं रबर उचलून बघा खाली रंगाची कड लागते का. दार किंवा बंपर रंगवलेला असणं काही गुन्हा नाही, गाडी आहे, घासते. बघायचंय ते पिलर (छताला धरणारे खांब), बॉनेटच्या आतल्या पट्ट्या, डिकीच्या तळाचा पत्रा. तिथे वेल्डिंग किंवा सुरकुत्या दिसल्या तर तो घासल्याचा प्रकार नाही, मोठा ठोक आहे.

चालवताना रेडिओ बंद. आणि विकणाऱ्याचं तोंडही शक्यतो बंद, कारण काही लोक नेमका खड्डा आला की बोलायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात पाय दाबा, इंजिनचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे गेली नाही तर क्लच घसरतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर स्टीअरिंगवरची पकड ढिली करा, एका बाजूला ओढते का. वेग वाढेल तशी गूं गूं वाढत गेली आणि वळणावर कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे न्या, टक टक टक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. एसी लावा, हीटर लावा, सगळ्या काचा खालीवर करा. आणि हे सगळं करताना "वा, छान आहे" असं म्हणू नका, भाव तिथेच अडकतो.

प्रश्न : पुरात भिजलेली गाडी साफ करून विकतात असं ऐकलं. वास येत नसेल तर ठीक ना?

उत्तर : वास घालवता येतो. मागच्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर ती सहसा कुणी धुवायला जात नाही. सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट, स्टेपनीच्या खालचा खड्डा, डॅशबोर्डखालचे वायरिंगचे प्लग (हिरवट बुरशीसारखा गंज), हेडलाइटच्या आत पाण्याची खूण. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. यातल्या दोन गोष्टी जरी सापडल्या तरी निघून या, कितीही स्वस्त असू दे, इंजिन सुधारेल पण वायरिंग दर पावसाळी हवेत वेगळं नाटक करेल.

प्रश्न : मेहुणे नवी गाडी घेतायत, जुनी आम्हाला द्यायची म्हणतायत. बायको म्हणते घरातलीच गाडी, मेकॅनिकला दाखवली तर दादाला वाईट वाटेल. — अडकलेला जावई

उत्तर : जावईबापू, "तपासायला नेतो" म्हणू नका, "सर्व्हिसिंगला टाकतो, खर्च माझा" म्हणा, तपासणी आपोआप होते. ओळखीच्या गाडीचा फायदा मोठा आहे हे खरं, कुठे ठोकली, कधी काय बदललं हे तुम्हाला जेवताना कळलेलं असतं. तोटा एवढाच की सहा महिन्यांनी एसी गेला तर कुणाला बोलायचं. म्हणून किंमत "घरातलीच आहे, बघू नंतर" अशी हवेत ठेवू नका, आकडा ठरवा, एकदाच द्या आणि त्यानंतर गाडीचं जे होईल ते तुमचं, हे दोघांनी बोलून घ्या.

कागद तर घरातल्या गाडीचे बाहेरच्यापेक्षा जास्त रखडतात! नोंदणी आणि विमा दोन्ही ताबडतोब तुमच्या नावावर करून घ्या, गाडीवर कर्ज असेल तर फिटल्याचं पत्र घ्या आणि नोंदीतून तो बोजा काढून घ्या. नाव त्यांचंच राहिलं आणि तुमच्या हातून काही झालं तर पहिली नोटीस त्यांच्या दारात जाणार, मग खरं वाईट वाटेल.

प्रश्न : डिझेल घेऊ का पेट्रोल? रोजचं जाणं-येणं मिळून आठ किमी. डिझेल स्वस्त पडतं म्हणतात.

उत्तर : पेट्रोल. आठ किमीसाठी डिझेल नको. अलीकडच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगात चालावी लागते, तेव्हा आतली काजळी जळते. तुमच्या वापरात तो तुंबणार, दिवा लागणार, आणि वाचवलेले इंधनाचे पैसे एका फटक्यात जाणार.

प्रश्न : सेकंडहँड घेतली आणि अ‍ॅव्हरेज फारच कमी देतेय. एअर फिल्टर बदलला, काही फरक नाही.

उत्तर : पडणार नव्हताच. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला सल्ला आहे तो. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो, फिल्टर तुंबला तर पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज फारसं नाही. आधी अ‍ॅव्हरेज नीट मोजा, टाकी फुल ते टाकी फुल, दोन-तीन वेळा, स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. मग टायरची हवा, गार टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. मग गाडी फिरवून आणून प्रत्येक चाकाजवळ हात न्या (डिस्कला लावू नका, भाजेल), एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तो ब्रेक धरून बसलाय. आणि तापमानाचा काटा कितीही चालवली तरी मधे येतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, इंजिन गार समजून जास्त पेट्रोल ओढत राहतं. तो भाग बऱ्याच छोट्या गाड्यांत महागही नसतो, पण लोक आधी इंजेक्टर साफ करण्यावर पैसे घालवतात.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. जुन्या गाडीत चाइल्ड सीट बसेल का? पुढे माझ्या शेजारी लावली तर चालेल का?

उत्तर : पुढे नको. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नसते, एअरबॅग उघडली तर सीटवर आदळून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. मागेच लावा, तोंड मागे करून. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवायच्या, लोखंडी कड्या आहेत का बघा. नसतील तरी बेल्टने बसणाऱ्या सीट मिळतात, फक्त बसवल्यावर हलवून बघा, एक इंचापेक्षा जास्त सरकायला नको.

आणि जुनी गाडी आहे तर चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (कंपनीने दोष सुधारायला गाडी परत बोलावणं) बाकी आहे का ते बघाच. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन वर्षानुवर्षं उष्णतेने आणि दमटपणाने बिघडून ती स्फोटासारखी फुटायची, धातूचे तुकडे आत बसलेल्यांना लागायचे, माणसं गेली त्यात. जगभरात कितीतरी ब्रँडच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पण गाडी दोन-तीन हात बदलली की रिकॉलचं पत्र जुन्याच मालकाच्या पत्त्यावर जातं आणि नव्याला कळतच नाही. दुरुस्ती सहसा फुकट होते.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी घेतलीये, ९० हजार झालेत. जुना मालक म्हणाला गिअर ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं.

उत्तर : कुणाच्या लाइफटाइमपर्यंत ते विचारलंत का? ऑइल तापतं, झिजलेल्या भागांचा चुरा त्यात येतो, जुनं होतंच. गिअरबॉक्स बनवणारे काही उत्पादक स्वतःच मुदत देतात, तुमच्या मॉडेलची शोधा, आणि ९० हजारांत एकदाही बदललं नसेल तर त्या गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या माणसालाच दाखवा. गिअर आत्ताच झटके देत असतील किंवा घसरत असतील तर ऑइल बदलून ते जाईलच असं नाही, आधी निदान, मग ऑइल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेही प्रकार असतात, सीव्हीटीचं ऑइल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरवाल्याचं वेगळं, मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन दिलंय तेच भरायचं. "हे सगळ्या गाड्यांना चालतं" असं म्हणून कुणी डबा काढला तर तो परत कपाटात ठेवायला सांगा.